पेशींवर मिलिमीटर तरंगांचे प्रयोग करताना या चुका टाळा

30 ते 300 गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या, म्हणजे हवेत 10 ते 1 मिलिमीटर तरंगलांबीच्या विद्युतचुंबकीय विकिरणाचा जिवंत पेशींवर काय परिणाम होतो, यावर अर्धशतकाहून अधिक काळ प्रयोग होत आले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष अनेकदा परस्परविरोधी आहेत. या विसंगतीचे मूळ पुष्कळदा पेशींत नसून मोजमापात असते.

पहिली चूक प्रयोगाआधीच होते. हे विकिरण क्ष-किरणांप्रमाणे डीएनएचे बंध थेट तोडत असेल, असे गृहीत धरले जाते. 60 गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे 0.25 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते; शरीराच्या तापमानाला रेणूंच्या हालचालीतील औष्णिक ऊर्जाच तिच्या जवळपास शंभरपट असते, तर सहसंयुज बंध तोडायला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. त्यामुळे परिणाम दिसल्यास पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. उष्णतेपलीकडची यंत्रणा सुचवली गेलेली नाही असे नाही: भौतिकशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रोलिश यांनी 1968 मध्ये पेशीतील सामूहिक कंपनांची कल्पना मांडली आणि पुढे ग्रुंडलर व काइलमान यांनी 42 गिगाहर्ट्झच्या आसपास यीस्टच्या वाढीत अरुंद अनुनाद, म्हणजे ठरावीक वारंवारतांनाच उमटणारा ठळक परिणाम, दिसल्याचे नोंदवले. मात्र इतर गटांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांत तो परिणाम आढळला नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्राविषयक आहे. अँटेनासमोर मोजलेली शक्तिघनता (दर एकक क्षेत्रफळावर पडणारी शक्ती) हीच पेशींना मिळालेली मात्रा, असे मानून अहवाल लिहिले जातात. पाणी या तरंगांना फार तीव्रतेने शोषते. 60 गिगाहर्ट्झला, पेशी ज्या द्रवात वाढवतात त्या पाण्यासारख्या संवर्धन माध्यमात साधारण एक-पंचमांश मिलिमीटर खोलीवरच शक्ती मूळच्या सुमारे 37 टक्क्यांवर येते. पेशी बशीच्या तळाला चिकटलेल्या, वर दोन-तीन मिलिमीटर माध्यम आणि विकिरण वरून, अशी मांडणी असेल तर पेशींपर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. तापते ते माध्यम, आणि परिणाम दिसला तरी तो त्या उष्णतेचा असण्याचीच शक्यता अधिक. म्हणून चिकटून वाढणाऱ्या पेशींना खालून, तळातून विकिरण द्यावे. तिथेही एक सापळा आहे. पॉलिस्टायरीनमध्ये या वारंवारतेची तरंगलांबी साधारण 3.2 मिलिमीटर असते, म्हणजे सुमारे 0.8 मिलिमीटर जाडीचा तळ पाव तरंगलांबीचा थर ठरतो आणि परावर्तन घटवतो. जाडी थोडी बदलली की पेशींत शिरणारी शक्तीही बदलते. त्यामुळे दुसऱ्या उत्पादकाची बशी वापरणे हा तपशील किरकोळ नाही. एका बशीतले निकाल दुसऱ्या बशीत मिळेनासे झाले, तर जीवशास्त्रीय स्पष्टीकरण शोधण्याआधी तळाची जाडी मोजावी आणि बशी, माध्यम व अँटेना यांचे एकत्रित संगणकीय प्रारूप तपासावे.

तापमानाची मोजणी करतानाही असाच घोटाळा होतो. अवरक्त कॅमेरा फक्त पृष्ठभाग पाहतो. धातूचा थर्मोकपल (दोन तारांचा तापमान संवेदक) विद्युतक्षेत्राच्या दिशेला समांतर ठेवला, तर तो स्वतः तापतो आणि आजूबाजूचे क्षेत्रही बिघडवतो. अत्यंत बारीक तारा क्षेत्राला काटकोनात ठेवल्यास हा दोष बराच कमी होतो. प्रकाशतंतूचा संवेदक क्षेत्र बिघडवत नाही, पण त्याचे टोक जाड असेल तर मिलिमीटरच्या अंशात बदलणारे तापमान तो सरासरीत दडपून टाकतो. शिवाय माध्यम असमान तापल्याने त्यात प्रवाह सुरू होतात आणि झाकण उघडे असल्यास बाष्पीभवनाने क्षारांची तीव्रता वाढते. हा ताण पेशी नक्कीच ओळखतात. एचएसपी70 हे उष्णतेसारख्या ताणात पेशी तयार करतात ते प्रथिन वाढलेले दिसले, तर उष्णतेचा वाटा तपासल्याशिवाय त्याचे श्रेय तरंगांना देऊ नये.

यासाठी दोन नियंत्रण गट लागतात. एकाला सर्व उपकरणे तशीच लावून विकिरण मात्र बंद ठेवावे. दुसऱ्याला विकिरणाशिवाय, पण तापमानाचा तोच चढउतार त्याच वेगाने द्यावा. इन्क्युबेटर 37 अंश दाखवतो एवढे पुरेसे नाही, कारण स्पंदित (थांबून थांबून दिलेल्या) विकिरणात सरासरी तापमान स्थिर असूनही क्षणिक शिखरे बरीच वर जाऊ शकतात. मोजणी करणाऱ्याला कोणती बशी कोणत्या गटातली हे ठाऊक नसावे. एकाच दिवशी एकाच संवर्धनातून घेतलेल्या अनेक बशा म्हणजे अनेक स्वतंत्र प्रयोग नव्हेत, हेही इथे वारंवार विसरले जाते.

शेवटची चूक वाचकांकडून अधिक होते. बशीतल्या मज्जापेशींवर दिसलेला परिणाम थेट मेंदूला लागू केला जातो, परंतु 60 गिगाहर्ट्झला त्वचेतील प्रवेश अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे अभ्यास त्वचेच्या व डोळ्याच्या पृष्ठभागावरील पेशींचा असेल तरच तो अधिक सुसंगत ठरतो. आयसीएनआयआरपी या विकिरणापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या 2020 च्या मार्गदर्शक मर्यादेशी तुलना करताना 6 गिगाहर्ट्झच्या वर ऊतींत शोषलेली शक्तिघनता पाहावी: सर्वसाधारण जनतेसाठी स्थानिक मर्यादा दर चौरस मीटरला 20 वॅट आहे आणि ती 4 चौरस सेंटिमीटर व 6 मिनिटांच्या सरासरीवर मोजली जाते. बशीवर पडणारी शक्तिघनता या आकड्यासमोर ठेवली, तर दोन वेगळ्या राशींची तुलना होते.