व्हिडिओ कॉल अडकतोय? आधी कॅमेरा बंद करा

समोरच्याचं तोंड अर्धवट उघडं राहून चित्र गोठलं, की आपण "हॅलो, ऐकू येतंय का?" करत बसतो. त्यापेक्षा कॅमेरा बंद करून बघा. आवाज आणि चित्र एकाच नेटवरून आले तरी ते दोन वेगळे प्रवाह असतात. आवाजाचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडून पाठवतात. त्याला सेकंदाला 30-40 किलोबिटसुद्धा पुरतात. एचडी चित्र मात्र एका मेगाबिटच्या, म्हणजे हजार किलोबिटच्या वर खातं. शिवाय कॉलचे तुकडे बहुधा यूडीपीने, म्हणजे तुकडा पोचला की नाही हे न तपासता पाठवायच्या पद्धतीने जातात. आवाजाचा हरवलेला तुकडा सहसा परत मागवतच नाहीत, कारण उशिरा पोचलेला शब्द काय कामाचा? यूट्यूब पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवतं, म्हणून त्याच नेटवर ते सुरळीत चालतं.

कॅमेरा कोणाचा बंद करायचा, हे मात्र नीट बघा. तुमचं बोलणं त्यांना तुटक जात असेल, तर बहुधा तुमचं अपलोड, म्हणजे तुमच्याकडून बाहेर पाठवायचा वेग, तोकडं पडतंय. तुमचाच बंद करा. त्यांचा आवाज तुम्हाला तुटक येत असेल, तर त्यांना बंद करायला सांगा. आईला नातवाचं तोंड बघायचंच असेल, तर निदान रिझोल्यूशन कमी करा.