लहानपणीचा आवडता खेळाडू अचानक समोर आला तर

लहानपणी ज्याची वर्तमानपत्रातली छायाचित्रे कापून वहीत चिकटवली, तो खेळाडू एखाद्या दिवशी विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी आपल्या शेजारीच उभा असतो आणि विचार करायला हाताशी जेमतेम मिनिटभर असते. माझी अशी एक भेट मी पुरती वाया घालवली. ज्याची धाव आणि हात फिरवण्याची लकब मी शाळेच्या मैदानावर वर्षभर गिरवली होती, त्या गोलंदाजाला मी त्याच्याच बळींचे आकडे पाढ्यांसारखे म्हणून दाखवले. त्याने दोनदा मान हलवली आणि नजर पुन्हा पट्ट्याकडे वळवली. पुढच्या सूचना त्या फजितीतून सुचलेल्या आहेत.

जवळ जाण्यापूर्वी थोडे थांबून पाहावे. समोरची व्यक्ती जेवत असेल, फोनवर बोलत असेल, लहान मुलाला सांभाळत असेल किंवा दवाखान्यात बसलेली असेल, तर दुरून पाहून समाधान मानावे. रांग किंवा सामानाची वाट पाहणे ही त्यातल्या त्यात बरी वेळ, कारण तिथे दोघेही रिकामे असतात आणि संभाषण आपोआप संपते. समोरून जावे; मागून खांद्यावर थाप मारू नये, कारण वेगवान गोलंदाजाचा खांदा निवृत्तीनंतरही दुखरा असू शकतो. आपल्या डोळ्यांपुढचा चेहरा पंचविशीतला असतो आणि समोरचा साठीतला, म्हणून ‘आपण अमुकच ना?’ असे विचारून खात्री करून घ्यावी. ‘किती बदललात!’ हे मनातच ठेवावे.

आता खरा प्रश्न, बोलायचे काय. ‘मी तुमचा फार मोठा चाहता आहे’ या वाक्याला ‘धन्यवाद’ यापलीकडे उत्तर नसते. त्याहून वाईट म्हणजे जखमेवर बोट ठेवणे. भारताचे वेगवान गोलंदाज चेतन शर्मा यांचे नाव निघाले की अनेकांना 18 एप्रिल 1986 रोजी शारजामध्ये पाकिस्तानच्या जावेद मियाँदादने त्यांच्या अखेरच्या चेंडूवर मारलेला विजयी षटकार आठवतो. पण पुढच्याच वर्षी, 31 ऑक्टोबर 1987 रोजी, नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड या तिघांचे लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळे उडवून विश्वचषकातील पहिली हॅट्ट्रिक त्यांनीच घेतली होती. धावपटू पी. टी. उषा भेटल्या तर 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक हुकवणाऱ्या त्या एक शतांश सेकंदाविषयी पुन्हा विचारण्यापेक्षा 1986 च्या सोल आशियाई स्पर्धेतल्या चार सुवर्णपदकांविषयी बोलावे.

तरीही नुसती चांगली कामगिरी आठवून देणे पुरेसे नाही, कारण ती त्यांना आपल्याहून जास्त आठवते. त्यांना जे मुळीच ठाऊक नाही, ते म्हणजे त्या क्षणी आपण कुठे होतो. त्या दिवशी रेडिओची बॅटरी संपत आली होती आणि शेवटची षटके आवाज बारीक करून, कान लावून ऐकली, एवढे एक वाक्य पुरे. त्यानंतर एकच छोटा प्रश्न विचारावा: ‘त्या षटकाआधी कर्णधाराशी काही बोलणे झाले होते का?’ सध्याच्या संघनिवडीवर मत मागू नये. ते काम पत्रकारांचे आहे.

स्वाक्षरी किंवा छायाचित्र यांपैकी एकच मागावे, आणि तेही बोलणे झाल्यावर. कॅमेरा आधीच उघडून ठेवावा, म्हणजे फोनचे कुलूप काढेपर्यंत त्यांना हसरा चेहरा धरून ठेवावा लागत नाही. स्वाक्षरीसाठी कागदाखाली पुस्तकासारखे काहीतरी टणक द्यावे आणि पेन चालतो की नाही ते आधी स्वतः ओढून पाहावे. नकार मिळाला, तर ‘हरकत नाही’ म्हणून बाजूला व्हावे. त्या दिवशी त्यांच्या घरी काय चालले आहे, हे आपल्याला माहीत नसते.

ते तिथून जाईपर्यंत छायाचित्र कुठेही टाकू नये, नाहीतर दहा मिनिटांत तिथे गर्दी जमते. तेवढ्या वेळात त्यांनी उच्चारलेले शब्द फोनमध्ये लिहून ठेवावेत, कारण संध्याकाळी घरी सांगताना त्यांत आपलीच वाक्ये मिसळू लागतात.