अलंकार ओळखताना गडबडणाऱ्या मुलांसाठी

दहावीच्या मुलांना अलंकाराच्या व्याख्या पाठ असतात पण पेपरात उपमा की उत्प्रेक्षा यातच गडबडतात, तर घरी एकच वाक्य घेऊन ते फिरवून बघा. निफाडच्या बागेतली द्राक्षंच घ्या ना. मणी मोत्यांसारखे टपोरे, ही उपमा. मणी जणू मोतीच, उत्प्रेक्षा. मणी हेच मोती म्हटलं की रूपक, आणि मोत्यांहूनही टपोरे म्हटलं की व्यतिरेक!! आधी उपमेय कोण (ज्याचं वर्णन करतोय ते, इथे मणी) आणि उपमान कोण (ज्याच्याशी तुलना करतोय ते, इथे मोती) हे मुलांनाच शोधू द्या प्लीज, आपण लगेच उत्तर सांगून टाकतो तिथेच घोळ होतो. नुसत्या ‘जणू’वर विसंबू नका, कवितेत त्याच्याजागी गमे, वाटे, भासे पण येतं.