घरी गाणं ऐकायला दोन स्पीकर की सहा?

कोल्हापुरात राजारामपुरीतला फ्लॅट असो की शिवाजी पेठेतलं जुनं घर, हॉल साधारण दहा बाय बारा, फार तर दहा बाय पंधरा. टीव्ही घ्यायला गेलं की दुकानदार सोबत ५.१ चा सेट दाखवतो : पुढे तीन स्पीकर, बाजूला-मागे दोन आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा स्पीकर. सिनेमेच जास्त बघत असाल तर खुशाल घ्या. पण ओढ गाण्याची असेल तर तेवढ्याच पैशात दोन चांगले स्पीकर आणि एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. तीच रक्कम सहा खोक्यांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला काय येणार? शिवाय ख्याल, नाट्यगीतं, भावगीतं, जुनी सिनेगीतं ही बहुतेक सगळी मोनो (दोन्ही स्पीकरांना एकच आवाज) नाहीतर स्टिरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा). मागच्या स्पीकरसाठी त्यांत वेगळं काही भरलेलंच नसतं. यंत्र अंदाजाने आवाज मागे पाठवतं.

५.१ आधीच घरात असेल तर विकू नका. गाणं लावताना रिमोटवर ‘स्टिरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’ निवडा, झालं. सगळ्या स्पीकरांतून एकच आवाज सोडणारा मोड वास्तुशांतीच्या जेवणावळीला ठीक.

आता मांडणी. खरी मेहनत इथेच आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

१. टेप घ्या. दहा फुटी भिंतीपुढे दोन स्पीकर सहा ते सात फूट अंतरावर ठेवा आणि तेवढ्याच अंतरावर, बरोबर मधोमध बसा. तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण झाला पाहिजे.

२. उंच स्वरांचा छोटा पडदा, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर कानाच्या पातळीत यावा. स्पीकर शोकेसमध्ये कोंबू नका, कोपऱ्यात तर नकोच. कोपरा खर्ज फुगवतो आणि डग्गा घुमत राहतो. मागची भिंत निदान फूटभर लांब हवी. दोघांची तोंडं थोडी आपल्याकडे वळवा.

३. लाल वायर लालला, काळी काळ्याला. एका बाजूला उलटी लागली तर एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खर्ज विरतो.

४. आता तपासणी, आणि त्यासाठी मोनो ध्वनिमुद्रणासारखं दुसरं काही नाही. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गायक; त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या जुन्या तबकड्या सगळ्या मोनोच. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानासोबत गेलेली त्यांची भैरवी नेटवर सहज मिळते. ती लावा, डोळे मिटा. जिथे स्पीकर नाही त्या मधल्या रिकाम्या जागेतून बाई गायला लागल्या तर मांडणी जमली. आवाज एका अंगाला झुकला तर खुर्ची सरकवा. तो नुसताच पसरला, नेमका कुठून येतोय ते कळेना, तर वायरी पुन्हा बघा.

५. जोरात टाळी वाजवा. फरशी आणि मोकळ्या भिंतींमुळे झणझण ऐकू आली तर स्पीकर आणि तुमच्यामध्ये जाड सतरंजी किंवा घोंगडं अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा. महागडी वायर घेण्याआधी हे करा. फरक त्यानेच पडतो.

छोट्या स्पीकरांना पखवाजाचा खर्ज झेपला नाही तर सबवूफर जोडा. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. जागा शोधायची युक्ती मात्र मजेशीर आहे : सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवून गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. खर्ज जिथे स्वच्छ, एकसारखा ऐकू येईल तिथे तो ठेवायचा. तो वेगळा उठून ऐकू येत असेल तर कमी करा. मिरवणुकीतली डॉल्बी घरात आणली तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतीलच.

सराउंडचाही, म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाचाही, एक प्रांत आहे. मैफलींच्या मल्टिचॅनल (प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा आवाज भरलेल्या) डिस्क किंवा ॲटमॉस या सराउंड पद्धतीत मुद्दाम मिक्स केलेले अल्बम ऐकणार असाल तर ते जास्तीचे स्पीकर सार्थकी लागतात. ५.१ मधले बाजूचे दोघे पाठीमागच्या भिंतीवर टांगू नका. समोरच्या दिशेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेच्या जरा मागे, दोन्ही बाजूंना हवेत. सुरुवात दोनच स्पीकरांनी करून पुढे वाढवता येतं, फक्त ॲम्प्लिफायर त्या हिशेबाने घ्यावा लागेल. आणि घराचं रंगकाम काढणार असाल तर भिंतीतून वायरीचा पाइप आधीच टाकून घ्या. स्पीकर काय, नंतर केव्हाही येतील.