स्थितांबरातील आकस्मिक तापवाढ: नकाशे आणि विदा (डेटा) वाचताना या चुका टाळा

१९५२ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड शेरहाग यांना फुग्यांबरोबर वर पाठवलेल्या उपकरणांच्या नोंदींत असे आढळले, की सुमारे ३० किलोमीटर उंचीवरचे, म्हणजे स्थितांबर या वातावरणाच्या थरातले तापमान ऐन थंडीत काही दिवसांतच झपाट्याने वाढले आहे. फुग्याबरोबर तापमापक होता, त्यामुळे घटना तापमानाची म्हणून नोंदली गेली आणि तिला नावही तापवाढीचेच मिळाले. पुढे संशोधनातून स्पष्ट झाले, की तापवाढ हा परिणाम आहे आणि मूळ घडामोड वाऱ्यांची आहे. विद्यार्थी, हौशी निरीक्षक आणि कधीकधी बातम्या लिहिणारेही या विषयात ज्या चुका करतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ हे नाव शब्दशः घेण्यात आहे.

उष्णतेचा स्रोत शोधत बसणे

पहिली चूक म्हणजे “एवढी उष्णता आली कुठून?” असे विचारून सूर्याकडे, ओझोनकडे किंवा जमिनीकडे बोट दाखवणे. ही घटना घडते तेव्हा ध्रुवाभोवती दीर्घ रात्र असते, म्हणजे सूर्य गणितात नसतोच. ओझोन अतिनील किरणे शोषून स्थितांबर तापवतो हे खरे, परंतु त्यासाठीही सूर्यप्रकाश लागतो. मग काही दिवसांत ५० अंश सेल्सिअसपर्यंत होणारी वाढ येते कशी?

हिवाळ्यात ध्रुवाभोवती अतिथंड हवेचा प्रचंड भोवरा फिरत असतो आणि त्याच्या कडेने पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. पर्वतरांगा आणि जमीन-समुद्र यांच्या तापमानांतील तफावत यांमुळे तपांबरात (जमिनीलगतच्या थरात) हजारो किलोमीटर लांबीच्या ग्रहीय लहरी तयार होतात. चार्नी आणि ड्रेझिन यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले, की पश्चिमी वाऱ्यांतून वर स्थितांबरात जाणे फक्त सर्वांत लांब लहरींनाच शक्य असते. अशा लहरी वर जाऊन समुद्राच्या लाटांप्रमाणे फुटल्या, की भोवऱ्याभोवतीच्या वाऱ्यांचा वेग खुंटतो. वारे मंदावले की हवा ध्रुवाकडे सरकते आणि तेथे खाली उतरते. खाली उतरणारी हवा वाढत्या दाबाने दाबली जाऊन तापते. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली तर जवळजवळ १० अंशांनी तापते, हे लक्षात घेतले म्हणजे ५० अंशांचा आकडा अविश्वसनीय वाटत नाही. मात्सुनो यांनी १९७१ मध्ये लहरी आणि वारे यांच्या परस्परक्रियेतून ही यंत्रणा मांडली आणि तिचा गाभा आजही तसाच टिकून आहे.

याचीच जोडचूक म्हणजे “वरची गरम हवा जमिनीवर उतरते” असे लिहिणे. जमिनीपर्यंत हवा येत नाही, परिणाम येतो. वारे उलटून पूर्वेकडून वाहू लागले, की नव्याने वर येणाऱ्या स्थिर लहरींना तेथे पुढे वाट मिळत नाही आणि त्या थोड्या खालच्या पातळीवर फुटतात; मग तेथील वारेही मंदावतात. अशा रीतीने बदलाची पातळी दिवसांमागून दिवस खाली सरकत जाते.

“ध्रुवीय भोवरा शहरावर येऊन ठेपला”

हे वाक्य मथळ्यात चांगले दिसते, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात. स्थितांबरातील ध्रुवीय भोवरा शरद ऋतूत तयार होऊन वसंतात विरतो आणि तो साधारण १५ किलोमीटरच्या वर असतो. तपांबरातील जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्यांचा पट्टा, हा वेगळा. तो वर्षभर असतो, त्याची वळणे दक्षिणेकडे लोंबतात आणि त्या वळणांतून थंड हवा दक्षिणेकडे येते. पहिला विस्कटला तर दुसऱ्याच्या वळणांवर परिणाम होऊ शकतो, एवढाच त्यांचा संबंध. कोणता भोवरा अभिप्रेत आहे हे वाक्यात लिहिले नसेल, तर ते वाक्य बाजूला ठेवलेले बरे.

घटना मोजताना

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो येथे, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने घेतो. सध्या सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्या चार्लटन आणि पोलवानी यांनी २००७ मध्ये मांडली: नोव्हेंबर ते मार्च या काळात १० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर (सुमारे ३० किलोमीटर उंचीवर), ६० अंश उत्तर अक्षवृत्तावर, त्या संपूर्ण वर्तुळाची सरासरी घेतलेला पूर्व-पश्चिम वारा ज्या दिवशी पश्चिमेऐवजी पूर्वेकडून वाहू लागतो, तो दिवस म्हणजे मोठ्या तापवाढीचा दिनांक. व्याख्येत तापमानाचा आकडाच नाही. तरीही अनेकजण तापमानाचा आलेख उसळलेला पाहून “मोठी घटना” जाहीर करतात. वारे न उलटता नुसते मंदावले आणि तापमान वाढले, तर ती लहान तापवाढ होय, आणि अशा घटना जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात होतात.

तुमच्या यादीतील घटनांची संख्या प्रकाशित याद्यांपेक्षा जास्त येत असेल, तर दोन ठिकाणी पाहावे. एक, वाऱ्यांचे चिन्ह काही दिवस मागे-पुढे होत राहते आणि संगणक प्रत्येक वेळी नवी घटना मोजतो. दोन घटनांच्या मध्ये सलग २० दिवस पश्चिमी वारे असलेच पाहिजेत, ही अट लावली की ही दुबार मोजणी थांबते. दोन, वसंतात भोवरा कायमचा विरतो तेव्हाही वारे उलटतात. ती अंतिम तापवाढ असते आणि ती वगळावी लागते. उलटल्यानंतर ३० एप्रिलपूर्वी किमान सलग १० दिवस पश्चिमी वारे परतले नाहीत, तर तो दिनांक यादीत घ्यायचा नाही. मार्चमधील दिनांक या चाळणीतून न काढता घेतले, तर यादी फुगते आणि ती का फुगली हे लवकर लक्षात येत नाही. त्याच वेळी एका हिवाळ्यात दोन नोंदी दिसल्या म्हणून लगेच एक खोडूही नये: २०२३-२४ च्या हिवाळ्यात १६ जानेवारी आणि ४ मार्च अशा दोन मोठ्या घटना खरोखरच झाल्या.

संख्या कमी येत असेल तर बहुधा वाऱ्याची सरासरी संपूर्ण वर्तुळावर न घेता नकाशाच्या एका भागावर घेतलेली असते. भोवरा कधी ध्रुवावरून बाजूला सरकतो, तर कधी त्याचे दोन तुकडे होतात. सरकलेल्या भोवऱ्याच्या बाजूला ६० अंशांवर एका रेखांशावर जोरदार पश्चिमी वारा असू शकतो आणि समोरच्या बाजूला तितकाच जोरदार पूर्वेकडचा. एकाच ठिकाणचा वारा पाहून निष्कर्ष काढणे हे हत्तीचा पाय चाचपून खांब सापडला म्हणण्यासारखे आहे. दिनांकात एक-दोन दिवसांचा फरक पडत असेल, तर आपण सरकती सरासरी लावून रेषा गुळगुळीत केली आहे का, हे तपासावे. दैनिक सरासरी पुरेशी असते. तरीही फरक राहिला आणि वारा शून्याच्या अगदी जवळच घुटमळलेला असेल, तर दोन पुनर्विश्लेषणांत (जुनी निरीक्षणे आणि संगणकीय प्रारूप जुळवून तयार केलेल्या विदासंचांत) तेवढी तफावत असू शकते आणि ती चूक नव्हे.

विदेतील साध्या, पण महागात पडणाऱ्या चुका

ध्रुवीय टोपीचे, म्हणजे ध्रुवाभोवतीच्या गोलाकार भागाचे, सरासरी तापमान काढताना अक्षांशाच्या कोसाइनचे वजन न देणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. ध्रुवाजवळ जाळ्याच्या चौकटी आकाराने लहान होत जातात. वजन दिले नाही तर ध्रुवालगतची थोडीशी हवा सगळ्या टोपीच्या वतीने बोलू लागते आणि तापवाढ प्रमाणाबाहेर दिसते. उंचीचा आलेख सुमारे दहापट मोठा आला, तर आपण भूविभव (गुरुत्वाकर्षणातील स्थितिज ऊर्जा) आणि भूविभव-उंची (मीटरमधील उंची) यांची गल्लत केली आहे असे समजावे, ९.८०६६५ ने भागले की प्रश्न सुटतो. पातळी सापडत नसेल तर पास्कल आणि हेक्टोपास्कल तपासावेत. ईआरए-५ या पुनर्विश्लेषणात अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत्या क्रमाने दिलेले असतात, त्यामुळे “६० ते ९०” अशी निवड काही प्रणालींमध्ये मुकाट्याने रिकामा संच परत करते. याच विदासंचात २००० ते २००६ या वर्षांत खालचे स्थितांबर खऱ्यापेक्षा थंड दाखवले गेले होते. त्या वर्षांसाठी ईआरए-५.१ ही दुरुस्त आवृत्ती वापरावी.

लहरींचा उष्णताप्रवाह, म्हणजे त्यांनी ध्रुवाकडे वाहून नेलेली उष्णता, काढताना होणारी चूक जरा सूक्ष्म आहे. उत्तर-दक्षिण वारा आणि तापमान यांची वर्तुळाच्या सरासरीपासूनची विचलने आधी काढायची, त्यांचा दररोजचा गुणाकार करायचा आणि मग सरासरी घ्यायची. मासिक सरासरी विदेवरून हा गुणाकार केला, तर फिरत्या लहरींचा वाटा गळून जातो. दक्षिण गोलार्धात ध्रुवाकडे जाणाऱ्या प्रवाहाचे चिन्ह ऋण असते, हेही विसरू नये. शिवाय १०० हेक्टोपास्कलवरील हा प्रवाह घटनेच्या दिनांकानंतर नव्हे, तर आधीच्या काही आठवड्यांत पाहायचा असतो. घटनेच्या दिवशी तेथे फारसे काही दिसत नाही म्हणून गोंधळणारे पुष्कळ असतात, पण तोवर लहरींचे काम होऊन गेलेले असते.

प्रत्येक तापवाढीमागे थंडीची लाट येईलच असे मानणे

बाल्डविन आणि डंकर्टन यांनी २००१ मध्ये दाखवले, की स्थितांबरातील मोठ्या बदलांचा ठसा पुढे सुमारे दोन महिने तपांबरातील दाबरचनेवर उमटत राहू शकतो. आर्क्टिक दोलन (ध्रुवाजवळच्या आणि मध्य अक्षांशांवरच्या हवेच्या दाबांतील फरकाचा चढ-उतार) ऋण बाजूला झुकते, वादळांचा मार्ग दक्षिणेकडे सरकतो आणि उत्तर युरेशियात थंडीची शक्यता वाढते. हे चित्र अनेक घटनांच्या सरासरीचे आहे. एकेकटी घटना पाहिली तर सुमारे दोन-तृतीयांश घटनांचाच परिणाम खालपर्यंत ठळकपणे पोहोचतो.

दोन उदाहरणे शेजारी ठेवावीत. १२ फेब्रुवारी २०१८ रोजी भोवऱ्याचे दोन तुकडे झाले आणि महिनाअखेरीस पूर्वेकडून आलेल्या बर्फाळ वाऱ्यांनी युरोप गारठला. २ जानेवारी २०१९ ची घटना वर तितकीच मोठी होती, पण तिचा खालचा प्रतिसाद क्षीण राहिला. त्याच जानेवारीच्या अखेरीस उत्तर अमेरिकेच्या मध्यभागात आलेल्या कडाक्याच्या थंडीचे श्रेय अनेकांनी सरळ या घटनेला देऊन टाकले. दिनांक जवळचे असले म्हणजे कारण सापडले असे होत नाही. घटना घडल्यावर १०० ते १५० हेक्टोपास्कल या खालच्या पातळ्यांवर विचलन पोहोचते आहे की नाही, हे रोज पाहत राहणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. ते ३० हेक्टोपास्कलच्या आसपासच अडकून पडले असेल, तर पृष्ठभागाविषयी ठाम विधान करू नये.

शिवाय परिणाम म्हणजे केवळ थंडी, असेही नाही. आर्क्टिक दोलनाच्या ऋण अवस्थेत ग्रीनलंड आणि ईशान्य कॅनडा सरासरीपेक्षा उबदार होतात, दक्षिण युरोपात पाऊस वाढतो. २०१८ च्या मार्चमध्ये दुष्काळाने गांजलेल्या आयबेरियन द्वीपकल्पावर झालेला भरपूर पाऊस याच साखळीतला होता.

अंदाजाबाबतही हाच संयम हवा. वारे उलटण्याचा अंदाज साधारणपणे एक ते दोन आठवडे आधी भरवशाने देता येतो. त्यापलीकडचा एखादाच आकर्षक नकाशा उचलून पुढे पाठवणे ही चूक आहे. समूह-अंदाजातील (थोड्या वेगळ्या सुरुवातींपासून अनेकदा चालवलेल्या अंदाजातील) किती आवृत्त्यांत वारे उलटतात, ते प्रमाण सांगावे.

थोड्या वर्षांवरून कल काढणे

फेब्रुवारी १९८९ नंतर थेट डिसेंबर १९९८ पर्यंत उत्तर गोलार्धात एकही मोठी घटना झाली नाही. त्यानंतरच्या दशकात त्या जवळजवळ दर हिवाळ्यात होऊ लागल्या. दीर्घकालीन सरासरी दशकाला सुमारे सहा घटनांची आहे. १९९० पासून सुरू होणारा आलेख काढला की घटना वाढत असल्याचे “सिद्ध” होते, आणि २००० पासून काढला की दुसरेच काहीतरी. भविष्यात त्या वाढतील की घटतील, यावर हवामान प्रारूपांचे एकमत नाही.

दक्षिणेकडे आणि वरच्या थरांकडे दुर्लक्ष

दक्षिण गोलार्धात लहरी दुर्बल असल्यामुळे वारे उलटण्याइतकी मोठी घटना एकदाच नोंदली गेली आहे. सप्टेंबर २००२ मध्ये अंटार्क्टिकावरचा भोवरा दुभंगला आणि त्याबरोबर ओझोनचे छिद्रही दोन तुकड्यांत विभागले गेले. सप्टेंबर २०१९ मध्येही तेथे तापवाढ झाली, पण वारे उलटले नाहीत, म्हणून व्याख्येनुसार ती लहान तापवाढ ठरते आणि मोठ्या घटनांच्या यादीपुरते पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटते. प्रत्यक्षात ओझोनच्या नाशाला चालना देणारे ध्रुवीय स्थितांबरी ढग टिकण्यासाठी लागणारी, सुमारे उणे ७८ अंशांखालची थंडी ओसरली, ओझोनचा नाश मंदावला आणि त्या वर्षीचे छिद्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीनंतरचे सर्वांत लहान ठरले. ऑस्ट्रेलियातील त्यानंतरच्या उष्ण व कोरड्या वसंताशीही तिचा संबंध जोडला गेला, मात्र हिंदी महासागरातील तीव्र द्विध्रुव (त्याच्या पश्चिम व पूर्व भागांतील पाण्याच्या तापमानांतली तफावत) त्याच वेळी कार्यरत होता, हे सांगितल्याशिवाय तो संबंध पूर्ण होत नाही. व्याख्येचा उंबरठा मोजणीच्या सोयीसाठी असतो. वातावरणाला त्याची खबर नसते.

आलेख १० हेक्टोपास्कलवरच थांबवला तर आणखी बरेच हातचे जाते. ध्रुवीय स्थितांबर तापते त्याच वेळी त्यावरचा थर, म्हणजे मध्यांबर, थंड होतो आणि विषुववृत्तावरचे स्थितांबरही थोडे थंड होते, कारण ध्रुवाकडे हवा उतरते तेव्हा उष्ण कटिबंधात ती वर चढत असते. २००६, २००९ आणि २०१३ च्या घटनांनंतर स्थितस्तब्धी (स्थितांबर आणि मध्यांबर यांच्यामधली सीमा) नेहमीच्या ५० किलोमीटरऐवजी ७५ ते ८० किलोमीटरच्या आसपास नव्याने तयार झाली. जानेवारी २००९ मध्ये पेरूतील हिकामार्का येथील रडारने चुंबकीय विषुववृत्तावरच्या आयनांबरात (विद्युतभारित कणांच्या उंच थरात) सकाळी प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, नेहमीपेक्षा जोराने वर आणि दुपारी खाली जाताना टिपला. तेव्हा सूर्य त्याच्या चक्राच्या अतिशांत टप्प्यात होता, म्हणून हा बदल सौर वादळाचा नव्हे हे वेगळे काढता आले. ज्यांना उपग्रह दिशादर्शनाच्या किंवा आयनांबराच्या विदेत हिवाळ्यात अर्धदैनिक (दर बारा तासांनी होणाऱ्या) स्वरूपाचा न उलगडणारा चढ-उतार दिसतो आणि चुंबकीय निर्देशांक मात्र शांत असतात, त्यांनी उपकरणाला दोष देण्यापूर्वी त्या आठवड्यातील ६० अंश उत्तरेवरचा, १० हेक्टोपास्कलचा वारा एकदा काढून पाहावा.