गोधडी आणि गाणे: टाक्यांच्या मैफलीची आखणी

सोसायटीचे सभागृह, महिला मंडळाची खोली किंवा गावातले वाचनालय अशा ठिकाणी तीसेक माणसांनी एकत्र बसून हाताने काही घडवावे आणि त्याच वेळी समोर कुणीतरी जिवंत गावे, अशी संध्याकाळ आखणे अवघड नाही. मात्र बहुतेक वेळा अशा कार्यक्रमात हस्तकलेचा वर्ग आणि गाण्याचा कार्यक्रम हे एकाच छताखाली स्वतंत्रपणे चालू राहतात आणि दोघांचाही विरस होतो. शिकवणाऱ्या बाईंना गाण्यावर आवाज चढवावा लागतो आणि गाणाऱ्याला समोर खाली घातलेल्या माना दिसतात. हे टाळायचे असेल, तर कान मोकळा ठेवणारे काम आणि डोळ्यांची मागणी न करणारे गाणे निवडावे. या कसोटीवर मला गोधडी सर्वांत योग्य वाटते, म्हणून हे मार्गदर्शन तिच्यापुरतेच ठेवले आहे.

गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा. एकदा हात बसला की त्यात मोजणी उरत नाही, यंत्राची खडखड नसते, डिंक वाळण्याची वाट पाहावी लागत नाही आणि सुई मध्येच थांबवली तरी काम बिघडत नाही. क्रोशाच्या नक्षीत साखळ्या मोजाव्या लागतात आणि ती मोजणी तबल्याच्या ठेक्याशी भांडते. आकाशकंदिलाच्या बांबूच्या काड्या तासण्याचा आवाज बंदिशीच्या मध्येच येतो. मातीकामात आवाज नसतो, परंतु हात सतत ओले राहतात.

एका संध्याकाळी पूर्ण गोधडी होणार नाही, हे आयोजकांनी आधीच मान्य करावे आणि प्रत्येकाला एक चौकोन द्यावा. तेरा इंचांचा चौकोन कापला आणि चारही बाजूंनी अर्धा इंच शिवणीसाठी सोडला, तर बारा इंचांचा चौकोन हाती राहतो. असे तीस चौकोन पाच आणि सहाच्या ओळींत मांडले की पाच फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे एका माणसाच्या पांघरुणाएवढी गोधडी तयार होते. तीस जणांची मर्यादा यासाठीच सोयीची ठरते. चौकोनावर एक एक इंचाच्या अंतराने रेघा आखल्या, तर अकरा रेघा येतात आणि सुमारे अकरा फूट धावदोरा घालावा लागतो. इंचाला चार टाके धरले, तर हे पाचशेहून थोडे अधिक टाके झाले. नवख्या माणसाने मिनिटाला आठ-दहा टाके घातले, तरी तासाभरात काम पुरे होते. रेघा अर्ध्या इंचावर आखण्याचा मोह होतो, कारण तशी गोधडी अधिक देखणी दिसते. पण मग काम दुप्पट होते, शेवटच्या गाण्यापर्यंत निम्मे लोक मागे राहतात आणि ऐकणे सोडून उरलेल्या रेघा मोजत बसतात.

कापड जुन्या सुती साड्यांचेच घ्यावे. कृत्रिम धाग्याचे कापड सुईखाली सरकते आणि जुने रेशीम टाक्यापाशी फाटते. साड्या गरम पाण्यातून काढून त्यांची खळ पूर्ण घालवावी आणि उन्हात वाळवाव्यात, कारण खळीच्या कापडातून सुई ओढताना बोटे लवकर दुखतात. वरचे एक, मधले दोन आणि खालचे एक असे चार थर पुरतात. घरच्या गोधडीत याहून अधिक थर असतात, परंतु नवशिक्याचा हात तेवढ्या जाडीत अडतो. थर एकमेकांवर ठेवून कच्चे टाके घालणे आणि शिंप्याच्या खडूने रेघा आखणे ही कामे आदल्या दिवशी चार-पाच जाणत्या हातांनी उरकावीत. वरच्या थरासाठी प्रत्येकाने आपल्या घरच्या साडीचा तुकडा आणावा असे जरूर सुचवावे, कारण आईच्या किंवा आजीच्या लुगड्याचा काठ हातात असलेला माणूस शेजारच्याशी आपणहून बोलू लागतो आणि ओळखी करून देण्याचे आयोजकांचे काम हलके होते.

सुई ओवण्यात सर्वांत अधिक वेळ जातो आणि वडीलधाऱ्या मंडळींची गैरसोयही तिथेच होते. हातभरापेक्षा लांब दोरा घेतला की तो गुंततो, म्हणून एका चौकोनासाठी सात-आठ वेळा सुई ओवावी लागते. यावर चांगला उपाय म्हणजे एकाच रिळाच्या दोऱ्यात आठ-दहा सुया आधीच ओवून ठेवाव्यात; लागेल तशी पहिली सुई दोऱ्यासह पुढे ओढून दोरा कापला की उरलेल्या सुया रिळावर तशाच राहतात. दर पाच माणसांमागे असे एक रीळ, एक कात्री आणि सुया खोचायची एक उशी पुरते. सुया मोजून द्याव्यात आणि मोजूनच परत घ्याव्यात. जमिनीवर सतरंज्या अंथरलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी तिथेच मुले खेळतात, म्हणून शेवटी एक लोहचुंबक सतरंजीवरून फिरवणे आवश्यक समजावे.

गाण्याच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे कलाकाराशी आधी स्पष्ट बोलणे. आपल्याकडे मैफलीत श्रोत्याने गायकाकडे पाहावे, समेवर मान हलवावी, हाताने ताल धरावा अशी रीत आहे आणि हात कामात गुंतलेला श्रोता काही कलाकारांना अनादर वाटू शकतो. त्यांची ही भावना रास्त आहे. म्हणून समोरचे लोक शिवत असतील, टाळ्या कमी पडतील आणि दाद बहुधा तोंडूनच येईल, हे निमंत्रण देतानाच सांगावे आणि ज्यांना हे मनापासून चालेल त्यांनाच बोलवावे. त्यांचे मानधन हस्तकलेच्या सामानाआधी बाजूला काढावे. ‘तुम्हाला एक व्यासपीठ मिळेल’ असे म्हणून फुकट गायला बोलावणे योग्य नाही. हाच नियम शिकवणाऱ्या गोधडी कारागीर बाईंनाही लागू आहे. अनेकदा गायकाला पाकीट मिळते आणि कारागिराला फक्त शाल-श्रीफळ, ही पद्धत बंद व्हायला हवी.

एक गायक किंवा गायिका, संवादिनी, तबला आणि तानपुरा एवढा संच तीस माणसांसाठी भरपूर आहे. लहान खोलीत तबला आणि संवादिनी ध्वनिक्षेपकाशिवाय व्यवस्थित ऐकू येतात. गरज भासल्यास फक्त गळ्यासाठी एक माइक ठेवावा. संध्याकाळ असल्याने यमन किंवा भूप यांतील मध्यलयीच्या रचनांनी सुरुवात करावी आणि मग अभंग, नाट्यपदे, भावगीते यांकडे वळावे. लय चढली की शिवणारे हातही नकळत घाई करतात आणि टाके लांब पडतात, त्यामुळे द्रुत रचना चौकोन पुरे होत आल्यावर, शेवटाकडे घेण्यास सांगाव्यात. भैरवीच्या वेळी मात्र सर्वांनी सुया उशीत खोचाव्यात आणि गायकाकडे तोंड करून ती ऐकावी. एवढा मान कलाकाराला द्यायलाच हवा.

संध्याकाळ साडेसहाला सुरू करायची ठरली, तर पहिला अर्धा तास गाणे अजिबात नसावे. त्या वेळात गाठ थरांच्या आत कशी लपवावी, एका खेपेला तीन-चार टाके सुईवर कसे घ्यावेत आणि कडेकडून आत कसे यावे, हे शिकवून प्रत्येकाची निदान एक रेघ पुरी करून घ्यावी. सात वाजता गाणे सुरू झाल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी बोलून शिकवणे थांबवून अडलेल्या माणसाशेजारी जाऊन बसावे आणि हाताने दाखवावे. आठच्या सुमारास चहासाठी वीस मिनिटांची सुटी ठेवावी. तेलकट खाणे टाळावे, कारण वड्याचे तेल लागलेल्या हातांनी उचललेल्या कापडावरचा डाग गोधडीत कायमचा राहतो. भाजके दाणे, लाडू, चिक्की चालते. उत्तरार्धात पाऊण तास गाणे आणि अर्धा तास ओव्यांसाठी ठेवला, की भैरवीसह साडेनऊच्या सुमारास सर्व आटोपते.

ओव्यांच्या या अर्ध्या तासाबद्दल माझा विशेष आग्रह आहे. ओवीला साज लागत नाही, तालमीतला गळाही लागत नाही. ती जात्याच्या फेऱ्याबरोबर, हात चालू असतानाच गायली गेली. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांमधून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, यावरून हा ठेवा किती मोठा आहे हे कळते. उपस्थितांमधील एखाद्या ज्येष्ठ बाईंना आधी विचारून ठेवावे, त्यांनी ओवी धरावी आणि इतरांनी मागून म्हणावी. परदेशातील महाराष्ट्र मंडळांतही हे सहज जमेल. तिथे कपाटात जपून ठेवलेल्या आजीच्या साड्या असतात आणि ओव्या आठवणाऱ्या आईवडिलांच्या भेटीच्या काळात कार्यक्रम ठरवता येतो.

बैठक गायकाभोवती नालेच्या आकारात मांडावी, म्हणजे मान वर केली की गायकही दिसतो आणि शेजारीही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी खुर्च्या मागच्या ओळीत न ठेवता दोन्ही टोकांना ठेवाव्यात. मैफलीसाठी दिवे मंद करण्याची सवय येथे पूर्ण सोडावी. सुईकामाला हातावर थेट पडणारा पांढरा उजेड लागतो आणि पिवळ्या मंद दिव्यात निळा दोरा काळा दिसतो.

कायद्याच्या दोन बाबी पाहून घ्याव्यात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. अंगणात किंवा गच्चीवर माइक लावायचा असेल, तर पोलिसांची परवानगी आधी घ्यावी. दुसरी बाब गाण्यांच्या हक्कांची आहे. तिकीट लावून चित्रपटगीते किंवा अलीकडची भावगीते गायची असल्यास हक्कधारकांच्या संस्थेचा परवाना लागतो. संतांचे अभंग आणि परंपरागत ओव्या यांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, परंतु अभंगाची लोकप्रिय चाल एखाद्या आधुनिक संगीतकाराची असेल, तर त्या चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. पारंपरिक चाली निवडल्या की हा प्रश्न मिटतो.

प्रवेशमूल्य ठरवताना सर्व खर्च तीस जणांत न वाटता वीस जणांत वाटावा, म्हणजे पावसाने किंवा क्रिकेटच्या सामन्याने गर्दी घटली तरी कुणाचे मानधन अडणार नाही. जमलेले चौकोन त्याच रात्री गोळा करावेत; घरी न्यायला दिलेले अपुरे चौकोन सहसा परत येत नाहीत, म्हणून ते आयोजकांनीच पुरे करावेत. पुढच्या आठवड्यात दोघी-तिघींनी ते यंत्रावर जोडावेत, मागच्या बाजूला दिसणाऱ्या शिवणी झाकण्यासाठी एका सुती साडीचे दोन पन्हे जोडून लावावेत आणि कडेला पट्टी घालावी. ही गोधडी कुणाला द्यायची, हे मात्र पहिल्या टाक्याआधीच सर्वांना सांगितलेले असावे, मग ते गावातले बाळंतघर असो वा वृद्धाश्रम; शिवणाऱ्याला ते माहीत असले की तो टाके जवळ जवळ घालतो.