क्षेत्रीय गुप्तवार्ता अधिकारी म्हणून काम करताना : नाशिक जिल्ह्यात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

नोकरीच्या पहिल्या दिवशी एक साधी वही घ्यावी आणि तिच्या प्रत्येक पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने करावेत, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. पहिल्या रकान्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले, दुसऱ्यात कोणाकडून तरी ऐकलेले आणि तिसऱ्यात त्यावरून आपल्याला वाटते ते लिहावे. या तिन्हींची सरमिसळ झाली की अहवाल बिघडतो, आणि बिघडलेल्या अहवालावर कोणीतरी वरिष्ठ माणसे, वाहने आणि वेळ खर्च करून बसतो. उमेदवारीच्या काळात मी एका मोर्चाबद्दल ‘पाच हजारांचा जमाव’ असे फोनवरून कळवले होते. तो आकडा मी मोजलेला नव्हता, भालेकर मैदानावरच्या ध्वनिक्षेपकावरून ऐकलेला होता. मोर्चा शालिमारकडून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दिशेने वळला तेव्हा तो हजाराच्याही आत असल्याचे मला दिसले, परंतु तोवर जादा कुमक तिकडे हलवली गेली होती आणि जिथे तिची खरी गरज होती तो भाग सायंकाळपर्यंत मोकळा राहिला. कोणाला इजा झाली नाही, तरी त्या दिवसाची बोच मला आजही आहे आणि तीन रकान्यांची सवय त्यातूनच लागली.

या सेवेत येण्याच्या वाटांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती माहिती जाहिरातींमध्ये सविस्तर असते. केंद्राच्या गुप्तचर विभागात, म्हणजे ज्याला आपण सर्वजण आयबी म्हणतो तिथे, सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी या पदासाठी पदवी लागते, वयोमर्यादा सर्वसाधारणपणे १८ ते २७ वर्षे असते, आणि वस्तुनिष्ठ परीक्षा, वर्णनात्मक परीक्षा व मुलाखत अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. राज्याच्या पातळीवर राज्य गुप्तवार्ता विभाग आहे आणि त्याची प्रबोधिनी पुण्यात आहे. पोलीस दलातून येणारे बहुतेक जण त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत उपनिरीक्षक म्हणून घडतात आणि पुढे विशेष शाखेत येतात. पोलीस ठाण्याच्या पातळीवर गोपनीय शाखेचे अंमलदार असतात, आणि त्यांच्या वर्षानुवर्षांच्या ओळखींना मी कोणत्याही पदवीपेक्षा अधिक मान देतो. नव्या अधिकाऱ्याने पहिला महिना अशा एखाद्या जुन्या हवालदाराबरोबर हिंडण्यात घालवला तर तो वाया जाणार नाही.

वर्दी नाही म्हणून अधिकार अमर्याद आहेत असा समज काही तरुणांच्या मनात असतो, तो पहिल्याच आठवड्यात काढून टाकावा. आयबीच्या अधिकाऱ्याला अटकेचा अधिकार नसतो. फोन ऐकण्यासाठी कायद्याने ठरवून दिलेल्या सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, कोणा ओळखीच्या माणसाला सांगून तो ऐकता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आहे, आणि तो निकाल आपल्या वहीलाही लागू आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम २४ अनुसार गुप्तवार्ता संघटनांना सूट आहे हे खरे, परंतु भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांसंबंधीच्या माहितीला ती सूट मिळत नाही. म्हणून एखाद्या कार्यकर्त्याच्या घरातील भांडणे, त्याचे आजारपण किंवा त्याच्या मुलीचे लग्न हे सार्वजनिक सुरक्षिततेशी संबंधित नसेल तर वहीत येऊच नये.

नाशिक जिल्हा १५ तालुक्यांचा आहे आणि त्याच्या प्रत्येक भागात बातमी वेगळ्या ठिकाणी जन्मते. नाशिक रोडची मुद्रणालये, देवळालीचे तोफखाना केंद्र आणि ओझरचा विमान कारखाना यांची स्वतःची सुरक्षा यंत्रणा असते. तिथे आपण संपर्क ठेवावा, लुडबुड करू नये. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकाबाहेर अर्धा तास उभे राहिल्यास पगारवाढीचा करार कुठे अडला आहे ते कळते. मालेगावात यंत्रमाग किती दिवस बंद आहेत यावरून गल्लीतल्या उसनवारीचा आणि अस्वस्थतेचा अंदाज येतो. बागलाण, कळवण आणि मालेगाव या पट्ट्यात अहिराणी कानावर पडते, तर पेठ व सुरगाण्यात कोकणा आणि वारली बोलल्या जातात. या बोली बोलता आल्या नाहीत तरी चालेल, पण समजल्या पाहिजेत, कारण माणूस प्रमाण मराठीत अधिकाऱ्याशी बोलतो आणि मनातले शेजाऱ्याला आपल्या बोलीत सांगतो.

कांद्याचा विषय मात्र स्वतंत्रपणे शिकावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत किती शिल्लक आहे, त्याला मोड येऊ लागले आहेत का, लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजारात सकाळच्या सत्रात भाव काय फुटला, हे ज्याला माहीत नाही त्याला निफाड, येवला, चांदवड या तालुक्यांतील शांतता कधी मोडेल हे सांगता येणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, आणि दोन दिवसांत जिल्ह्यातील बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. शुल्काचा आदेश गुप्त नव्हता, तो सर्वांनी वाचला होता. क्षेत्रीय अधिकाऱ्याचे काम त्यापुढचे होते. व्यापारी बोली थांबवतील का, भरलेले ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी कुठे थांबेल, आणि संताप मुंबई-आग्रा महामार्गावर उतरेल की बाजार समितीच्या आवारातच राहील, हे त्याने रात्रीतून सांगायला हवे. अशा वेळी सभापतींना फोन करण्याआधी मापारी आणि हमाल यांच्याशी बोलावे, कारण उद्या काम आहे की नाही हे त्यांना घर चालवण्यासाठी आधीच माहीत करून घ्यावे लागते.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या सीबीएस चौकातून निघून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेलेला शेतकऱ्यांचा मोर्चा मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी अभ्यासायला सांगतो. त्यातील मोठा भाग आदिवासी शेतकऱ्यांचा होता आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील प्रलंबित दावे ही त्यांची जुनी मागणी होती. ते दावे कोणी लपवून ठेवलेले नव्हते, ते तहसील कचेरीच्या कपाटांत होते, आणि त्यासाठी खेटे घालणारी माणसे दर बाजाराच्या दिवशी पायरीवर बसलेली दिसत होती. मुंबईत पोचल्यावर दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून हे लोक शेवटचा टप्पा रात्री चालून पहाटे आझाद मैदानात पोचले. अशा समूहाची शिस्त आधीच ओळखून ‘संख्या मोठी, हिंसेची शक्यता कमी, पाणी आणि पायांवरच्या उपचाराची गरज अधिक’ असे लिहिता येणे हे उत्तम गुप्तवार्तेचे काम आहे. आंदोलक हा शत्रू नसतो, आणि जो अधिकारी प्रत्येक निवेदनामागे कट शोधतो त्याला खरा कट समोर आला तरी ओळखता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हाही सरकारी माणसे टिपणे काढतच होती. त्या काळच्या पोलिसांचे गोपनीय गोषवारे आज इतिहासाची साधने म्हणून वाचले जातात. आपलाही कागद उद्या कोणीतरी वाचणार आहे, हे ध्यानात ठेवून शब्द निवडावेत.

संख्या मोजण्याची रीत सोपी आहे आणि ती न वापरण्याला कोणतीही सबब नाही. मोर्चा चालत असेल तर एका ठिकाणी उभे राहून एका ओळीत सरासरी किती जण आहेत आणि मिनिटाला किती ओळी पुढे जातात ते पाहावे. एका ओळीत ७ जण, मिनिटाला ३० ओळी आणि मोर्चा सरायला १२ मिनिटे लागली, तर संख्या सुमारे अडीच हजार होते. सभा असेल तर मैदानाचा भरलेला भाग चौरस फुटांत काढावा. सैल गर्दीत माणशी साधारण १० चौरस फूट आणि दाट गर्दीत साडेचार चौरस फूट धरले की आकडा वास्तवाच्या जवळ येतो. त्यासाठी गोल्फ क्लब मैदान, भालेकर मैदान आणि तपोवन यांची मापे रिकाम्या दिवशी पावलांनी मोजून वहीत आधीच लिहून ठेवावीत.

गर्दीच्या बाबतीत नाशिकने फार मोठी किंमत मोजली आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर, सरदार चौकाजवळच्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. उधळलेली नाणी टिपण्यासाठी लोक वाकल्याचे त्या वेळी सांगितले गेले. हे सांगणे दुसऱ्या रकान्यातले आहे. रस्ता अरुंद होता आणि गर्दी त्याला पेलणारी नव्हती, हे मात्र कोणालाही आधी जाऊन पाहता आले असते. २०२७ च्या सिंहस्थासाठी ज्यांची नेमणूक होईल त्यांनी रामकुंडापासूनच्या प्रत्येक परतीच्या वाटेवरून पहाटे, दुपारी आणि भर गर्दीच्या सणाला स्वतः चालावे. कठडा कुठे गर्दी अडवतो, दुकानाची पायरी कुठे पुढे आली आहे, पावसात फरशी कुठे निसरडी होते, हे लिहून कळवावे. यात गुप्त असे काहीच नाही, तरीही माझ्या मते या नोकरीतील सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

बातमीदार जोडण्याविषयी पुष्कळ रंजक कल्पना असतात, प्रत्यक्षात ते संयमाचे काम आहे. ओळख काम पडण्याच्या आधी करावी, आणि काम नसतानाही माणसाच्या घरच्या सुखदुःखाची विचारपूस करावी. ज्या गावात पोलीस पाटील आहेत तिथे आधी त्यांना भेटावे, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण गावातील एक गट त्यांच्याशी बोलतो तर दुसरा बोलत नाही. एकाच टपरीवर रोज बसू नये, आणि चारचौघांत बातमीदाराने ओळख दाखवली नाही तर आपणही दाखवू नये. त्याचे नाव वहीत, मोबाईलमध्ये किंवा अहवालात लिहू नये. खात्याच्या रीतीनुसार दिलेला संकेतच वापरावा. पैसे द्यायचे तर मंजूर निधीतून द्यावेत आणि त्याची नोंद त्याच दिवशी करावी. त्याच्याकडून उसने घेऊ नये, आणि त्याच्यावरचा गुन्हा मिटवून देतो असे वचन कधीही देऊ नये. अल्पवयीन मुलांना या कामात ओढू नये आणि पत्रकार असल्याचे सोंग घेऊ नये, कारण त्यामुळे उद्या खरा पत्रकार संकटात सापडतो. बातमीदार केवळ सांगत नसून स्वतःच लोकांना चिथावत आहे असे दिसले, तर त्याची बातमी कितीही चांगली असली तरी वरिष्ठांना सांगून संबंध तोडावा. बातमी कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, असे संरक्षण १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२५ ने दिले होते, इतका हा विश्वास कायद्यालाही मोलाचा वाटला आहे.

अफवेकडे पाहण्याची दृष्टी मात्र उलटी ठेवावी लागते. अफवा खोटी असते म्हणून ती टाकून द्यायची नसते, कारण लोक काय खरे मानू लागले आहेत हीच तिच्यातली बातमी असते. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना ठेचून मारले. त्याच रात्री मालेगावातही जमावाने काही जणांना घेरले होते, आणि तिथे पोलिसांनी त्यांना वाचवले. मोबाईलवरचे ते संदेश आधीपासून फिरत होते. ‘अफवा निराधार आहे’ एवढेच लिहून कागद बंद करणे पुरेसे नसते. ती कोणत्या गावापर्यंत पोचली, आठवडे बाजार कोणत्या दिवशी आहे, भिक्षेकरी आणि फिरस्ते लोक त्या वाटेने कधी जातात, हे जोडूनच ती वर पाठवावी. तीन माणसांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे तिला तीन आधार मिळाले असेही मानू नये. प्रत्येकाला ‘तुम्हाला हे कोणी सांगितले?’ असे विचारत मागे गेल्यावर बहुतेक वेळा तिघांचाही धागा एकाच मोबाईलशी येऊन थांबतो.

अहवालात सांगणाऱ्याची विश्वासार्हता आणि सांगितलेल्या गोष्टीची खात्री यांना वेगवेगळे गुण द्यावेत. अनेक देशांत यासाठी स्रोताला ए ते एफ अशी अक्षरे आणि मजकुराला १ ते ६ असे अंक देण्याची पद्धत आहे, कारण भरवशाचा माणूसही चुकीचे ऐकून येतो आणि लबाड माणूसही कधी खरे बोलतो. शक्यतेचे शब्दही आधी ठरवून घ्यावेत. अमेरिकेत १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावरील हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असे गुप्तवार्तेच्या एका अंदाज-अहवालात लिहिले गेले, आणि नंतर विचारले असता ते लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात २० टक्के तर कोणाच्या मनात ८० टक्के असल्याचे निघाले. आपल्याकडच्या ‘तणावाची शक्यता नाकारता येत नाही’ या वाक्याचेही तेच होते. ते लिहिणाऱ्याला वाचवते, वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याऐवजी ‘उद्या सकाळी ९ ते ११ दरम्यान रास्ता रोको होईल असे मला वाटते, कारण अमुक पाहिले आणि तमुक ऐकले, आणि पाऊस आल्यास तो टळेल’ असे लिहावे. अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी तोच कागद काढून का चुकला ते त्याखाली लिहावे. काही होणार नसेल तेव्हा ‘काही होणार नाही’ असेही सही करून कळवावे, त्यामुळे दमलेल्या पन्नास शिपायांना एक रात्र झोप मिळते.

बदलीचा आदेश आला की घाईने निघू नये. प्रत्येक बातमीदाराला आपण स्वतः भेटून, नवा अधिकारी त्याला चालेल का हे विचारावे. तो नाही म्हणाला तर त्याचे नाव कोणालाही न देता तो संबंध तिथेच थांबवावा. चालेल म्हणाला तर दोघांची भेट घडवून, चहा होईपर्यंत बसून आपण उठावे. मैदानांची मापे, बाजाराचे दिवस आणि परतीच्या वाटांचे टिपण उत्तराधिकाऱ्याच्या हाती द्यावे, आणि वही नियमाप्रमाणे जमा करून तिची पोच घ्यावी.